नानांचा हेडफोन आणि बाचा कुकारा

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. पाड्यावरचं कोणी आजारी माणसाला घेऊन भगताकडे निघालं की, आधी डॉक्टरकडे चला, म्हणून वाट अडवणारा मीच असायचो. त्यामुळे हे लिहायला दोन वर्षं लागली...

आमचं घर वेवजीला, तलासरी तालुक्यात. माझे वडील — आम्ही बा म्हणायचो — डहाणूजवळ सरावलीला चिकूच्या वाडीत कामाला होते. सोमवारी जायचे, शनिवारी संध्याकाळी परतायचे. वाडीचे मालक नाना फार भला माणूस. माझी कॉलेजची पुस्तकं त्यांनीच घेऊन दिली, ते मी विसरणार नाही. तलासरीला ऑफिसात नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर नानांनी कपाटातून आपला जुना हेडफोन काढून दिला. घरच्या म्युझिक सिस्टिमचा. कान पूर्ण झाकणारा, जड, टेलिफोनसारखी पिळाची वायर आणि टोकाला करंगळीएवढी जाड पिन.

"अभ्यासाला वापर," नाना म्हणाले. "पण घरात बसून ऐकायची वस्तू आहे ही. रस्त्यात घालून फिरू नकोस."

आमच्या घरात बसून ऐकायचं म्हणजे कुठे? एक खोली, पाच माणसं. मला निवांत वेळ मिळायचा तो तलासरी-वेवजी जीपमध्येच. मग जाड पिनेला एक अडॅप्टर लावला, तो फोनला बसेना म्हणून पुढे आणखी एक. फोनमध्ये तेवढी ताकद नव्हती. आवाज पूर्ण वाढवला तरी स्पर्धा परीक्षेचं लेक्चर विहिरीतून आल्यासारखं यायचं. बाहेरचं मात्र सगळं बंद. जीपवाला रोज विचारायचा, "काय पायलट, विमान कुठं उतरवलं?" लोक हसायचे. मला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

बाने एकदा तो हातात घेऊन वजन बघितलं. "ह्याच्यात माझा कुकारा ऐकू येल का रे?"

"कुकारा कशाला, बा? फोन कर की."

"फोन सगलेच करतात," बा म्हणाला.

आमच्या पाड्यावर लांबच्या माणसाला कुकारा घालून बोलावतात. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. माझा म्हणजे दोन आखूड, एक लांब, शेवट वर चढलेला. तो फक्त बा घालायचा. ज्याचा कुकारा त्यानेच उत्तर द्यायचं, दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही, अशी रीत.

त्या शनिवारी हाफ डे होता. एक वाजता तलासरी नाक्यावर जीपमध्ये बसलो, ती भरायची होती. लेक्चर चालू होतं. त्या मास्तरांच्या आवाजाच्या मागून कुकारा आला... दोन आखूड, एक लांब.

वाटलं, रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी असेल. लेक्चर थांबवलं. पुन्हा आला, पहिल्यापेक्षा स्पष्ट. मी फोनमधून वायरच उपटली. ती मांडीवर पडली होती, माझ्या डोळ्यांसमोर, आणि तिसऱ्यांदा आला — या वेळी शेवटचा सूर वर चढला नाही, मध्येच तुटला.

हेडफोन काढून बाहेर डोकावलो. रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या दोन बायका गुजरातीत भेंडीचा भाव करत होत्या. कुकारा नव्हता. असणार कसा? बा सरावलीला, मध्ये दीड तासाचा रस्ता.

लहानपणापासूनच्या सवयीने उत्तर गळ्यापर्यंत आलं होतं. तोंडही उघडलं. तेवढ्यात जीपवाला आरशात बघून म्हणाला, "काय पायलट, सिग्नल गेला का?" सगळे हसले. मीही हसलो, वायर परत जोडली आणि लेक्चर चालू केलं. बाला फोनसुद्धा केला नाही.

अडीचच्या सुमारास नानांचा फोन आला. बा चिकूच्या झाडावरून पडला होता. नाना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेत होते, पण वाटेतच...

बाराव्याला वाडीवरची सखूमावशी आली. बाबरोबर पंधरा वर्षं काम केलेली, आमच्याच बाजूची, सगळ्यांचे कुकारे ओळखणारी. म्हणाली, "आम्ही पंपाकडं जेवायला बसलेलो. तुझा बा म्हणाला, एवढं झाड संपवून येतो. मग एक वाजता कुकारा ऐकला, तीनदा. तुझा होता रे. वाटलं, तू वाडीवर आलास, बा तुला बोलावतोय. माझा असता तर मी ताटावरून उठले असते."

ती जेवण आटोपून गेली तेव्हा बा झाडाखाली पडलेला, पण शुद्धीवर होता. तिने विचारलं, "पोऱ्या कुठं हाय? आला नाय का?"

बा म्हणाला, "त्यानं ऐकला. बोलत नाय."

माझ्या एका इंजिनीअर मित्राने सांगितलं की लांब पिळाच्या वायरीत कधीकधी रेडिओच्या लहरी सापडतात. सापडत असतील. पण माझा कुकारा कुठल्या स्टेशनवर लागतो?

हेडफोन मी नानांना परत नेऊन दिला. त्यांनी वायर नीट गुंडाळून ठेवली.

दीड तासाच्या रस्त्यावरून तो आवाज माझ्या कानात कसा आला, आणि मी ऐकला हे बाला कसं कळलं, मला आजही माहीत नाही. उत्तर का दिलं नाही, ते मात्र माहीत आहे. जीपमध्ये नऊ माणसं बसली होती.