हाडांवरचा पहारा

पुण्यात समुद्र सांभाळणं हे पद्मजाताईंचं काम. हसू नका, खरंच सांगतोय. शहराच्या कडेला असलेल्या एका संशोधन संस्थेत त्या छत्तीस वर्षं प्रयोगशाळेच्या मदतनीस होत्या. रत्नागिरीहून कॅन भरून येणारं समुद्राचं पाणी काचेच्या टाकीत गार आणि नितळ ठेवायचं, आणि त्यातले अर्चिन जगवायचे. अर्चिन म्हणजे मुठीएवढे, काळ्या काट्यांचे गोळे. ना डोळे ना तोंडावर हसू, पण पद्मजाताईंना विचाराल तर प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. उभं शहर खडकवासल्याचं गोड पाणी पिणारं, त्यात या खाऱ्या जिवांचं निभावून न्यायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

दुपारी जेवणं झाली की प्रयोगशाळा सुस्तावायची. टाकीतले बुडबुडे तेवढे बोलत. तेव्हा तनया, पीएच.डी. करणारी खराडीची मुलगी, त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवायची. बशीत सकाळीच फळलेली अंडी असत. एकाची दोन, दोनाची चार, असं ते काचेसारखं आरपार काहीतरी गोलगोल फिरत असायचं, आणि पद्मजाताईंचा चहा थंडगार व्हायचा. आपण खुर्चीत बसलोय की त्या पाण्यात तरंगतोय, याचा त्यांना पत्ता नसे.

तनयाला समजावून सांगायची भारी हौस. सुरुवातीचे काही तास गर्भ आईने अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवरच चालतो, ती सांगे. मग त्याची स्वतःची जनुकं जागी होतात. प्रत्येक पेशीत पुस्तक तेच, अगदी पानन् पान तेच. हाडं कशी घडवायची ते पान सगळ्यांकडे असतं, पण त्या पानावर एक पहारेकरी बसलेला. उघडू देत नाही म्हणजे नाही. सोळा पेशी झाल्या की तळाशी चार अगदी चिमुकल्या असतात. त्या चौघींत एक जनुक जागं होतं आणि पहारेकऱ्यालाच गप्प बसवतं. झालं, पान उघडलं. म्हणजे हाडं करा असा हुकूम कुणीच सोडत नाही, नको म्हणणारा तेवढा झोपतो. पद्मजाताईंना हे फार म्हणजे फार आवडलं होतं. पेठेतल्या जिन्यावर भाजीची पिशवी घेऊन चढताना त्या हेच मनात घोळवत असत.

वडील गेले तेव्हा त्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. पाठीवर पुष्कर आणि आमोद, दोघेही हाफपँटीतले. आईने अंथरूण धरलेलं. मग काय, कॉलेज सुटलं आणि ही नोकरी लागली. भावांची शिक्षणं झाली, लग्नं झाली. पद्मजाताईंचं राहून गेलं. याविषयी त्या तक्रार करत नसत, आणि कुणी केविलवाणं तोंड करून चौकशी केलीच तर असं काही उत्तर देत की पुन्हा विचारायची प्राज्ञा नसे.

यंदा त्यांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि तनयाचा सगळ्यात नाजूक प्रयोग व्हायचा होता. त्या चार चिमुकल्या पेशी काचेच्या सुईने काढून टाकायच्या आणि बघायचं, हाडांचं काम दुसरं कुणी अंगावर घेतं का. हंगामातली ही शेवटची खेप. तनयाचे दोन प्रयत्न आधीच वाया गेलेले. तिचे मार्गदर्शक श्रीधर सर, त्यांनी खास कोरड्या आवाजात सांगून टाकलं होतं, की हातांना जमत नसेल तर संगणकावरचा विषय घ्या, तिथे काही मरत नाही.

मध्ये खंडेनवमी आली. संस्थेत कितीही परदेशी यंत्रं असोत, त्या दिवशी सगळ्यांना झेंडूची माळ. पद्मजाताई दरवर्षी तांबट आळीतून घेतलेला आपला तांब्याचा कलश आणत. त्यात पाणी नळाचं नाही, टाकीतल्या समुद्राचं. आपल्या हत्याराची पूजा, तर पाणी त्याचंच हवं, असा हिशेब. इतकी वर्षं पूजेनंतर ते पाणी त्या बाहेर मातीत ओतत. यंदा मनात आलं, हे शेवटचं, आणि पोरीचा प्रयोगही शेवटचा. आशीर्वाद मातीत कशाला? दसऱ्याची सुट्टी संपल्यावर सकाळी त्यांनी कलश हात जोडून तनयाच्या गाळलेल्या पाण्याच्या मोठ्या बाटलीत रिकामा केला.

त्या दिवशीचे गर्भ आधी छान वाढले. शिदोरी होती तोवर. मग थांबले. दुसऱ्या दिवशी बशीत नुसते धुरकट गोळे. चार पेशी काढलेले तसेच आणि न काढलेलेही तसेच. तनयाने विषय बदलण्याचा अर्ज लिहायला घेतला.

पद्मजाताई घरी गेल्या आणि कलश चिंचेने घासायला बसल्या. आत हिरवट कडा धरली होती. बोट फिरवलं आणि हातातली चिंच खाली ठेवली. टाकीजवळ तांब्याचा नळ आणला म्हणून त्यांनी एका प्लंबरला जिन्यावरून खाली पिटाळलं होतं. तांबं म्हणजे या गर्भांना विष, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तरी! गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार नव्हतं. छत्तीस वर्षांचं नाव स्वच्छ राहिलं असतं, आणि ती मुलगी जन्मभर आपल्या हातांना दोष देत बसली असती. त्या रात्रभर मनातल्या मनात सरांशी बोलल्या. सकाळी संस्थेचं दार उघडायच्या आधी त्या पायरीवर उभ्या होत्या.

“तनया, तुझे हात चुकले नाहीत,” त्या म्हणाल्या. “पाणी मी बिघडवलं. कलशातलं ओतलं.”

तनयाला क्षणभर अर्थच लागेना. “अहो ताई, तांब्याचा नळ तर तुम्हीच...”

“तो नळ तांब्याचा होता गं. हा कलश मला देवाचा वाटला.”

सरांना त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. छत्तीस वर्षांत एक चूक, आमच्याकडे दिवसाला असते, एवढं म्हणून त्यांनी टाकीत काय उरलंय ते विचारलं. एक नर, एक मादी उरली होती, आणि पाण्याचा एक न उघडलेला कॅन.

पुन्हा अंडी फळली. दुपारच्या उन्हात खोली पिवळी झाली होती आणि तनयाची सुई त्या चिमुकल्या चौघींना अलगद बाजूला करत होती. दहा गर्भांतल्या. पद्मजाताई शेजारी. दुसऱ्या दिवशी न छेडलेल्या गर्भांत हाडाच्या काड्या चमकल्या, त्या दहांत काही नाही. पद्मजाताईंना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तनयाने भिंगातून पाहिलं आणि खुर्ची सोडली.

पद्मजाताई बसल्या. काळोख्या पाण्यात दोन बारीक, लखलखीत काड्या. उशिरा आल्या होत्या, पण आल्या होत्या.

“ज्यांनी हे काम घेतलं,” त्यांनी डोळा न काढता विचारलं, “त्या पेशी आधी काय व्हायच्या होत्या?”

“बऱ्याचशा रंगाच्या. लाल ठिपके असतात ना, ते. एरवी तीसेक असतात, आता ते कमी होतील, ताई. हाडं मात्र पुरी होतात.”

भिंगावर पाणी पडलं, आणि ते पद्मजाताईंनी पदराने पुसलं.

“मीही रंगाचीच होते गं,” त्या म्हणाल्या. हे त्यांनी याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तनयाने शेजारी दुसरी खुर्ची ओढली आणि कागद-पेन्सिल पद्मजाताईंच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत दोघींनी त्या पहिल्या गर्भाचे ठिपके मोजले. सात निघाले.