दुसऱ्या गावाचा ठराव

आमच्या राहू गावाकडे एक देव करून कुणी माघारी येत नाही. जेजुरीला गेलं की मोरगाव होतंच. गाडी ठरवतानाच ड्रायव्हर विचारतो, "जोडून काय?" एकदा टायर फुटल्यामुळे माझ्या सासूबाई नुसती जेजुरी करून परत आल्या, तर पुढं कितीतरी दिवस त्या ती यात्रा धरायलाच तयार नव्हत्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, "झाली, पण अर्धीच."

त्यामुळे कंपनी मला ट्रेनिंगसाठी अर्जेंटिनाला पाठवतेय, हे मी घरात सांगितलं तेव्हा आत्यांचा (सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा) पहिला प्रश्न विमानाचा नव्हता, जेवणाचाही नव्हता. त्यांनी विचारलं, "आन् जोडून काय?"

मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे नवीन मशीन येणार होतं आणि ते बनवणारी फॅक्टरी ब्यूनस आयर्सच्या बाहेर होती. दिवाळीनंतर ट्रेनिंग, आणि ते संपल्यावर चार दिवस सुट्टी घेऊन तिथंच राहायला साहेबांनी परवानगी दिली होती. त्या चार दिवसांसाठी नवरा येणार होता. दोन दिवस ब्यूनस आयर्स, दोन दिवस आणखी एखादं शहर. कुठलं, ते आम्हीच ठरवायचं होतं. तिकिटं काढणारा एजंट रोज फोन करायचा, "मॅडम, दुसरं गाव सांगा, म्हणजे व्हिसाची कागदपत्रं लावायला घेतो."

माझ्या माहेरी माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. शिरूरला डिप्लोमा झाला तो वडिलांच्या जिवावर. डिग्री झाली ती लग्नानंतर, ह्या घराच्या जिवावर. नवरा स्वतः बारावीनंतर ऊस आणि भेंडीत उतरला, पण माझा एक पेपर त्यानं चुकू दिला नाही. समोर मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना मात्र 'तो' म्हणायचं धाडस करते. तर ह्या माणसाचा एकच दोष. त्याला स्वतःला काय हवंय हे तो कधीच सांगत नाही. साडी निवडायला नेलं तर "तुला आवडंल ती." हॉटेलात "तू सांगशील ते." घराचा रंग, पोराची शाळा, दसऱ्याचं जेवण, सगळ्याला उत्तर ठरलेलं. ते उत्तर म्हणजे "मंजूर."

म्हणून मी मनाशी पक्कं केलं होतं की हे दुसरं गाव त्यानंच निवडायचं. कंपनीचं काम माझं, ट्रेनिंग माझं, पहिलं शहर माझ्या कामामुळे ठरलेलं. निदान दोन दिवस तरी त्याचे असावेत. आम्ही दोघं लग्नापासून कधी दोघंच कुठं गेलो नव्हतो. गेलो ते भरलेल्या जीपमधून, मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन. मी त्याला मोबाइलवर दक्षिण अमेरिकेचा नकाशा दाखवला. म्हटलं, "बोट ठेवा."

त्यानं नकाशा बोटांनी मोठा करून पाहिला, परत लहान केला. मग म्हणाला, "घरात इचारू."

इथंच माझं चुकलं. घरात विचारणं म्हणजे मामांना विचारणं, आणि मामा गावातल्या सोसायटीचे जुने संचालक. दोन माणसं समोर बसली की त्यांना सभा दिसते. तिसरं आलं की कोरम पूर्ण.

रविवार होता. पडवीत भेंडीचा ढीग पडला होता आणि आम्ही सगळे गोल बसून मोठी, बारीक आणि वाकडी वेगळी करत होतो. मामांनी घसा खाकरला.

"विषय असा हाय," मामा म्हणाले, "की सूनबाईंच्या परदेश दौऱ्यात जोडून एक गाव घ्यायचं हाय. सूचना मांडा."

धाकटा दीर वाटच बघत होता. "रिओ! बीच हाय, फुटबॉल हाय, सगळं हाय."

"तिथं देव हाय का?" आत्यांनी भेंडीवरची नजर न काढता विचारलं.

दिरानं लगेच मोबाइल पुढं केला. डोंगराच्या टोकावर दोन्ही हात पसरून उभी असलेली येशूची मूर्ती बघून आत्या हरखल्या. "आगं बया! केवढा! डोंगरावरच हाय की, आपल्या जेजुरीवानी. बास, हेच करा."

एकाला बीच हवा होता, एकीला देव. पाच मिनिटांत युती झाली. मला हसू आवरेना. पण मामांना पाडायला युती पुरत नाही. त्यांनी आदल्या दिवशी दिराकडूनच माहिती काढून ठेवली होती, आणि त्यांचं गाव होतं मेंडोझा.

"मेंडोझात रस्त्याच्या कडंनं पाट वाहतात," मामा म्हणाले. "शहरात! झाडाझाडाला पाणी जातंय. ती वाटणी कशी करत्यात, पाळी कोण लावतंय, टेलच्या, पार शेवटच्या माणसाला पाणी पोचतंय का, ह्ये बघून यायला पायजे."

"आवो, ती दोघं फिरायला चाललीत," आत्या म्हणाल्या, "पाटकरी म्हणून न्हाई."

"मग काय बघायचं? समुद्र? त्यो हितं बी हाय."

"तुमी तर त्यो बी कवा दावला न्हाई!"

भेंडी बाजूला राहिली. दीर म्हणाला, अध्यक्षांनी स्वतःच गाव सुचवणं नियमात बसत नाही. मामा म्हणाले, तू गप, तुझी थकबाकी आहे, काल मोटार बंद करायला विसरलास. मी नवऱ्याकडे बघत होते. तो शांतपणे वाकडी भेंडी वेगळी काढत होता, एकही न चुकवता.

गावात दोन तगडे गट अडून बसले की काय होतं, हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. दोन्ही अर्ज मागं घेतले जातात आणि ज्याचं कुणाशी वाकडं नाही आणि ज्याचं कुणालाच काही पडलेलं नाही, असा तिसरा माणूस बिनविरोध निवडून येतो. मग सगळे गुलाल लावून घरी जातात. मामांनी तेच केलं. "दोघं बी मागं घ्या. तिसरं द्या." दिरानं नाराजीनं अर्जेंटिनाच्या नकाशावर मधोमध बोट टेकवलं. बोटाखाली कोर्दोबा आलं.

"कोर्दोबाला कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती, कारण कोर्दोबाबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. सूचक दीर, अनुमोदक आत्या. मामा शेवटी नवऱ्याकडे वळले. "तुझं काय?"

"मंजूर," नवरा म्हणाला, आणि भेंडीची पाटी उचलून उठला.

मी काही बोलायच्या आत मामांनी स्वतः एजंटला फोन लावला. "ठराव झालाय. कोर्दोबा." पलीकडून तो बिचारा काहीतरी विचारत होता. मामा म्हणाले, "तिथं काय बघायचं ते तिथं गेल्याव बघतील. बिनविरोध झालंय, आता बदल न्हाई."

कोर्दोबा वाईट असेल असं मी म्हणत नाही. तिथल्या लोकांना ते प्यारं असणारच. पण आमच्या घरातल्या एकाही माणसाला तिथं जायचं नव्हतं, आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं मांडलं होतं, त्याला कुठं जायचंय हे अजूनही मला कळलेलं नव्हतं.

सोमवारी पहाटे नेहमीसारखी निघालो. माझं सासर दौंड तालुक्यातलं, माहेर आणि कंपनी दोन्ही शिरूर तालुक्यात, मधे भीमा. कंपनीची बस नदीवरच्या पुलाच्या अलीकडे थांबते. नवरा मला मोटारसायकलवरून तिथवर सोडतो, डबा हातात देतो, "चला, व्हा पुढं" म्हणतो. बस पूल ओलांडून जाते आणि तो माघारी वळतो. पहिल्या नोकरीपासून हे असंच चाललंय.

त्या दिवशी मी गाडीवरून उतरले, पण डबा घेतला नाही.

"अहो, एक विचारू? तुम्हाला कोर्दोबाला जायचंय?"

"ठराव झालाय की."

"ठरावाचं नाही विचारत. तुम्हाला काय हवंय ते सांगा. नाहीतर मी एजंटला सांगते, एकच गाव करून परत येतो म्हणून. अर्धीच यात्रा. मग आत्यांना तुम्ही तोंड द्या."

ही धमकी आमच्या घरात चालते. त्यानं गाडी स्टँडला लावली. मोबाइल काढला आणि तोच नकाशा उघडला. ब्यूनस आयर्सच्या समोर, एका प्रचंड रुंद नदीच्या दुसऱ्या काठावर त्यानं बोट ठेवलं. माँटेव्हिडिओ. दुसरा देश.

"बोट जाती," तो म्हणाला. "मी बघून ठेवलंय."

"कधी?"

"तू इचारलंस त्याच दिशी."

"मग काल बोलला का नाहीत?"

"आगं, आई देवाव अडलीय, आबा पाटाव अडल्यात. आन् मी काय सांगू? नदीच्या पल्याड जायचंय म्हणून? हसली असती सगळी." तो पुलाकडे बघत होता. लांबून बसचे दिवे दिसत होते. "रोज तुला हितं सोडतो आन् माघारी फिरतो. तू पल्याड जाती. तिकडं तुझं काय चालतंय, मला कायबी म्हाईत न्हाई. सासुरवाडीला येतो तवा नुसता जावई असतो, पाटाव बसवत्यात. म्हटलं यकदा तुझ्यासंगं पलीकडं जावं. पावणा म्हणून न्हाई. नुसतं."

बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आत बसलेल्या बायका खिडकीतून बघायला लागल्या, त्यातली एक ओरडलीच, "काय ओ, आज सोडवंना व्हय?" त्यानं घाईघाईनं डबा माझ्या हातात कोंबला. मी सबंध रस्ताभर खिडकीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे कुणी काही विचारू नये.

आता झालेला ठराव फिरवायचा कसा? मामा म्हणाले, त्याला विशेष सभा लागते. खरं तर त्यांना आनंदच झाला होता. संध्याकाळी पुन्हा पडवी, पुन्हा भेंडी. मामांनी सुरुवात केली, "अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या येळचा इषय. सूचक कोण?"

मी गप्प राहिले. फार अवघड गेलं, पण राहिले.

"मी," नवरा म्हणाला.

आत्यांच्या हातातली भेंडी तशीच राहिली. दीर मोबाइलमधून मान वर करून बघू लागला. इतक्या वर्षांत ह्या सभासदानं सूचना मांडल्याची नोंद मामांच्या डोक्यात नव्हती.

"माँटेव्हिडिओ," तो म्हणाला. "नदीपल्याड हाय. बोटीनं जायचं." आणि मग, जोरात, "मला जायचंय."

"नदीपल्याड जायला येवढं लांब?" आत्या म्हणाल्या. "आपला पूल काय वाईट हाय?"

"तू थांब," मामा म्हणाले. त्यांनी मुलाकडे नीट बघून घेतलं. "पाणी कसं हाय तिथलं?"

"गढूळ. आपल्या भीमेला पूर आल्यावर असतं तसं."

"मग चांगलं हाय. अनुमोदक?"

"मी," मी म्हटलं. आत्यांनी एकच अट घातली, की पाण्यात नाणं टाकल्याशिवाय पलीकडं पाऊल ठेवायचं नाही. ती अट धरून ठराव मंजूर झाला. दीर तटस्थ राहिला. त्याला तिथल्या फुटबॉल क्लबचा टी-शर्ट कबूल केल्यावर तोही आत आला.

ब्यूनस आयर्सचे दोन दिवस छान गेले. त्याबद्दल कधीतरी सांगता येईल असं बरंच आहे, पण मला आठवतो तो बंदरावरचा सकाळचा प्रसंग. तिथं गंमत अशी की एक देश सोडल्याचा आणि दुसऱ्या देशात आल्याचा, दोन्ही शिक्के अलीकडच्याच काठावर मारतात. म्हणजे कागदावर आम्ही पलीकडं पोचलो होतो आणि पाय अजून अलीकडंच होते. नदी तर अशी की पलीकडचा काठ दिसतच नव्हता. "ही नदी?" नवरा म्हणाला. "आबांना फोटू दाव. म्हणावं, पाळी लावा हिची."

बोटीच्या दाराशी रांग सरकली. दारापाशी आलो आणि त्यानं, अगदी सवयीनं, माझी पिशवी माझ्या हातात दिली, बाजूला झाला आणि म्हणाला, "चला, व्हा पुढं."

मी हलले नाही. मागच्या लोकांची चुळबुळ सुरू झाली. दारावरच्या बाईनं त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि हातानं दोघांनाही आत या म्हणून खुणावलं. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. तो इतका लाजला की त्यानं माझी पिशवी परत घेतली, आणि माझ्या आधी, माझ्याकडे न बघता, आत शिरला.

बोटीच्या खिडक्या बंद होत्या, त्यामुळे नाणं काही टाकता आलं नाही. सगळा प्रवास ते त्यानं मुठीत धरून ठेवलं होतं. माँटेव्हिडिओला उतरल्यावर आम्ही आधी काठावर गेलो. तिथं लांबच लांब दगडी कठडा आहे आणि गावातली माणसं काखेत थर्मास धरून त्याच्यावर निवांत बसलेली असतात, आपल्याकडे पारावर बसतात तशी. त्यांच्यात जागा करून आम्हीही बसलो. त्यानं नाणं पाण्यात टाकलं आणि विचारलं, "पलीकडं आल्याव टाकलं तर चालतंय का गं?"

"आत्यांना सांगू नका," मी म्हटलं.

"मंजूर," तो म्हणाला.