हळर्णचा डावा कौल

फोंडा ते पेडणे म्हणजे काही विलायत नव्हे. पण हे आमच्या आईला कोण सांगणार? माझ्या ट्रंकेत तिने हळद घातली, मीठ घातलं, गूळ घातला आणि वर नारळ ठेवायला लागली तेव्हा मी ओरडलेच, "अगं, पेडण्यात नारळच नारळ आहेत!"

"असतील. पण कुणाचे, कोण जाणे," असं म्हणून तिने नारळ साड्यांच्या मधोमध दडपला.

गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता आणि मला नुकताच अधिकाऱ्याचा. परीक्षा पास होऊन संयुक्त मामलेदार म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती थेट उत्तरेच्या टोकाला. बाबांनी एकच अट घातली. "सरकारी विश्रामगृहात तुला शनिवारपर्यंत राहू देणार. तोवर बऱ्या माणसांत घर मिळालं तर खुशाल नोकरी कर. नाही मिळालं तर रविवारच्या बसने परत. आपल्या शाळेत मास्तरणीची जागा रिकामी आहे." ज्या शाळेत मी लहानपणी रोज छड्या खाल्ल्या तिथंच जाऊन आता मी दुसऱ्यांना छड्या मारायच्या? त्यासाठी का एवढा अभ्यास केला? मी तावातावाने म्हटलं, "घर काय, चुटकीसरशी मिळवते." अक्कल तेवढीच होती, काय करणार.

अधिकाऱ्याने पांढरं नेसावं, ही माझी त्या काळची समजूत. म्हणून कडक खळ घातलेली पांढरी साडी नेसून मी डिचोलीमार्गे निघाले. मुळगावला बस खनिजाच्या ट्रकांच्या मागे अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक आणि मध्ये आमची बस, तीही खिडक्यांना काचा नसलेली. लाल धूळ अशी आत येत होती की शेजारच्या बाईने आपल्या टोपलीतल्या मासळीवर पदर घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तुझें आतां कांय खरें ना." (तुझं आता काही खरं नाही.) कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात उतरले तेव्हा साडी विटकरी, केस विटकरी, पापण्यासुद्धा विटकरी.

कचेरीच्या दारात एक मध्यमवयीन शिपाई स्टुलावर बसून पाटीकडे बघत होता. पाटीवर 'गोवा, दमण आणि दीव' लिहिलेलं होतं आणि रंगाऱ्याने फक्त 'दमण'वर पांढरा हात मारला होता. दीव अजून आमच्याकडेच होतं. शिपायाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खाणीवरची तक्रार आसल्यार सोमवारी येवप." (खाणीबद्दल तक्रार असेल तर सोमवारी यायचं.)

"मी नवी मामलेदार," मी म्हटलं.

तो ताडकन उठला, स्टूल आडवं झालं. ह्याचं नाव बाबल. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला झाकण नाही. पक्षकारांची नावं पुकारायचं काम त्याचं, त्यामुळे साधं 'चहा घेणार का' हेसुद्धा तो गावाला ऐकू जाईल असं विचारायचा. मी घर शोधते आहे म्हटल्यावर त्याने छाती ठोकली. "पेडणे तालुक्यांत बाबलाक वळखना असो मनीस ना!" (बाबलला ओळखत नाही असा माणूस नाही.) ते खरं होतं, आणि तीच पंचाईत होती.

पहिली जागा बाजारातल्या एका शेटांची, दुकानाच्या वरची. शेट मोठे अगत्यशील. कदेल (खुर्ची) पुसून दिली, चहा आला, चहाबरोबर गरम उंडो (गोल, कडक पाव) आणि उसळ आली. कूड (खोली) हवेशीर. जनेल (खिडकी) उघडून त्यांनी मला देवळाचा कळससुद्धा दाखवला. मी मनातल्या मनात पडदे लावले. तेवढ्यात बाबल खालून गरजला, "शेटानू, ही साधी बाय न्हय! मामलेदार! मुंडकाराच्यो केशी आतां हीच चलयतली!" (मुंडकारांचे खटले आता हीच चालवणार!)

शेटांचा चेहरा असा पडला की मला वाटलं उंडो घशात अडकला. फोंड्याच्या वाचकांना हे समजावायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत मालकाच्या मर्जीने घर करून राहणारा माणूस. कायद्याने त्याला सहसा हलवता येत नाही. हा कायदा आल्यापासून गोव्यातल्या घरमालकांनी पाहुण्यालासुद्धा 'कधी जाणार' विचारून मगच पाणी द्यायची रीत पाडली होती. आणि मी तर त्या खटल्यांचा निकाल देणारी!

मी शेटांना धीर द्यायला गेले. "अहो, भाडं देऊन राहणारा मुंडकार होत नाही. त्याला भाडेकरू म्हणतात, त्याचा कायदा वेगळा. त्यालाही तुम्हाला सहजासहजी काढता येत नाही म्हणा, पण कारणं वेगळी..." मी कलमं सांगत गेले आणि शेट जिन्याकडे सरकत गेले. शेवटी म्हणाले, "बाय, विसरलोंच बघ. म्हजो मेवणो येवपाचो आसा." (माझा मेहुणा यायचा आहे.)

पेडण्यात त्या आठवड्यात किती मेहुणे यायचे होते म्हणून सांगू! जिथं जावं तिथं मेहुणा. एका ठिकाणी घरमालक ब्रह्मचारी निघाला, तरी त्याचाही मेहुणा येणारच होता. आणखी एका गृहस्थांनी तर कमालच केली. घर फुकट देतो, आधी माझ्या खटल्याचा निकाल तेवढा लावा, म्हणाले. मी तिथून अशी निघाले की चपला हातात घेऊनच रस्त्यावर आले. बाबल मागून धावत, "बाईसायब, पूण घर बरें आशिल्लें!" (पण घर चांगलं होतं!) म्हणत होता. त्याला मी भर रस्त्यात झाडलं. "बाबल, ह्यापुढे तू माझ्याबरोबर आलास तर तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कळलं?" त्याने मान हलवली. शब्द काढायचा नव्हता ना!

शनिवार उजाडला. विश्रामगृहाच्या खानसाम्याने माझी ट्रंक व्हरांड्यात आणून ठेवली होती, वर नारळ. तो बघून छडी हातात धरलेली मीच मला दिसायला लागले. तेवढ्यात बाबलने खुणेने सांगितलं की हळर्णला एक घर आहे. बोलायचं नाही म्हटलं होतं, म्हणून त्याने हाताने घर काढलं, म्हैस काढली आणि एक बाई काढली. म्हशीला वेळ लागला.

हळर्ण नदीकाठचं गाव. पडक्या किल्ल्याच्या खाली शेतं, माडांच्या बागा आणि बसमधून उतरल्यावर कुणीही 'कोणाची गो तू?' असं विचारावं इतकी शांतता. घर सत्यभामाकाकींचं. नवरा आखातात नोकरीला, दोन्ही लेकी लग्न होऊन गेलेल्या, घरात त्या आणि म्हैस. त्यांनी मला पाय धुवायला पाणी दिलं, उकड्या तांदळाची पेज वाढली, बाजूला मिस्कूट (कैरीचं तिखट लोणचं). आठवडाभर मेहुण्यांनी कावलेली मी दोन वाडगे प्यायले. काकी बाबलकडे बघत होत्या. बाबल ओठ मिटून घामाघूम.

"ह्याका कितें जालां?" (ह्याला काय झालंय?) काकींनी विचारलं. "मुको?"

आता लपवून उपयोग नव्हता. मी स्वतःच सगळं सांगून टाकलं. मामलेदार आहे, मुंडकारांच्या केशी चालवते, आज घर मिळालं नाही तर उद्या परत. कलमं मात्र गिळली. काकी उठून गेल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "म्हजें कांय ना गे. पूण देवाक विचारल्याबगर हांव कांयच करीना." (माझं काही नाही गं, पण देवाला विचारल्याशिवाय मी काहीच करत नाही.) हे अक्षरशः खरं होतं. म्हैस घ्यायची तर कौल, दाढ काढायची तर कौल. एकदा डाव्या कौलामुळे दुखरी दाढ त्यांनी पावसाळाभर सांभाळली होती.

तेव्हा वरात देवळात. कौलाची रीत अशी, की गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मामलेदारणीचा कौल लागतोय ही बातमी आमच्या आधी देवळात पोचली होती. शेतातली माणसं हातपाय न धुताच आलेली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, ही परगावची बाय सत्यभामेच्या घरांत रावपाक आयल्या. सांगल्याबरोबर ती घर सोडीत जाल्यार उजवो दी!" (ही परगावची बाई सत्यभामेच्या घरात राहायला आली आहे. सांगितल्यावर ती घर सोडणार असेल तर उजवा दे.)

पाकळ्या ढिम्म. कोणी खोकलं, सगळ्यांनी त्याच्याकडे रागाने बघितलं. चारची बस कर्णा वाजवून गेली. म्हातारा गुरव मला हळूच म्हणाला, "मनांत वायट कांय धरिनाका." (मनात वाईट काही धरू नकोस.) मी मनात फक्त छडी धरून उभी होते! आणि एवढ्यात बाबलचा बांध फुटला. कचेरीत पुकारतो तसा, पूर्ण आवाजात तो ओरडला, "देवा म्हाराजा, हाजीर होऽऽ!"

घंटा आपोआप किणकिणली म्हणतात. ते मी ऐकलं नाही. पण पाकळी पडली. डावी.

"डावो!" सगळं देऊळ एकदम सुस्कारलं. बाबलने डोक्याला हात लावला. आणि मी, सरकारची राजपत्रित अधिकारी, त्या देवळात भर माणसांत रडायला लागले. रडता रडता भांडायलाही लागले. "हा काय न्याय झाला? माझं म्हणणं कुणी ऐकलं का? आमच्या कचेरीतसुद्धा दोन्ही बाजू ऐकतात! मला घर बळकावायचं नाही हो, मला नोकरी करायची आहे. मी अपील करणार!"

"देवाच्या वयर खंय करतली अपील?" (देवाच्या वर कुठं करणार?) गुरवाने अगदी मनापासून विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सत्यभामाकाकी मात्र पडलेल्या पाकळीकडे बघत बसल्या होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे देव म्हणता, ही सांगल्यार पसून वचची ना."

"ना," गुरव म्हणाला. "सांगल्यार लेगीत वचची ना." (सांगितलं तरी जायची नाही.)

"मगे बरेंच जालें." काकी उभ्या राहिल्या. "म्हज्या घरांतलीं सगळीं वतातच. घोव दर वर्सा येता आनी वता. चलयो गेल्यो. म्हशीचीं पाडकां विकून वतात. वचना अशें एक तरी मनीस देवान धाडलां, ताका हांव ना म्हणूं?" (माझ्या घरातली सगळी जातातच. नवरा दर वर्षी येतो आणि जातो. मुली गेल्या. म्हशीची रेडकं विकली जातात. न जाणारं एक तरी माणूस देवाने पाठवलं, त्याला मी नको म्हणू?)

डाव्या कौलावर घर मिळाल्याची उभ्या हळर्णात ही पहिलीच केस. गुरवाने नाराजीनेच माझ्या हातावर प्रसाद ठेवला. बाबल धावत सुटला तो ट्रंक आणायला, आणि वाटेत भेटेल त्याला 'डावो आयलो, डावो आयलो' असं आनंदाने सांगत गेला. लोकांना वाटलं मला हाकललं.

त्या घरात मी राहिले ती माझ्या नोकरीची सगळ्यात सुखाची वर्षं. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंप्याने जाग यायची, पेज पिऊन बस पकडायची, संध्याकाळी काकींना दिवसभराचे खटले सांगायचे. निकाल त्या माझ्याआधी देऊन मोकळ्या व्हायच्या. म्हशीने पहिल्या वर्षी माझ्या दोन साड्या चावल्या, दोन्ही पांढऱ्या.

मग डिचोलीला बदली झाली. तिथून फोंडा जवळ, घरूनच जाता येणार. बाबा खूश. निघायच्या दिवशी मी काकींच्या पुढे माझ्या खोलीची चावी धरली. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"ती तुज्याकडेच दवर. तुवें चावी दिली जाल्यार देव फट पडटलो." (ती तुझ्याकडेच ठेव. तू चावी दिलीस तर देव खोटा पडेल.)

"अहो काकी, मी चाललेच आहे ना!"

"चाल्ल्या तर चाल. सोडून खंय चाल्ल्या?" (चाललीस तर चाल. सोडून कुठं चाललीस?) म्हणाल्या, आणि पाठ फिरवून म्हशीवर विनाकारण ओरडायला लागल्या. मला ते बघवेना. ट्रंक आधीच टपावर चढली होती, मी जाऊन बसमध्ये बसले.

मुळगावला तेच ट्रक, तीच धूळ. ह्या खेपेला मी विटकरी साडी नेसून निघाले होते. एवढं शहाणपण सरकारी नोकरीने दिलं. कायदा मी खूप शिकले आणि खूप जणांना सांगितला. कुणाचं घर कुणाचं हे ठरवण्यात दिवसचे दिवस घातले. पण सोडून गेल्यावरही आपलं राहतं अशा घराचं कलम मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. आता दर वर्षी जत्रेला मी हळर्णला जाते आणि स्वतःच्या हाताने माझ्या खोलीचं कुलूप काढते.

त्या दिवशी फोंड्याला पोचल्यावर आईने ट्रंक उघडली. आत साड्या थोड्या आणि नारळच नारळ. काकींनी कधी भरले, मला पत्ता नव्हता.

"एवढे नारळ!" आई म्हणाली. "कुणाचे गं हे?"

"आपलेच," मी म्हटलं आणि चावी खुंटीला लावली.