कापसाचे बोळे

नैराश्यासाठी डोक्याला चुंबकाचे ठोके देतात, तो उपचार मी सोलापुरात घेत होतो. माझ्या आधी रोज एक म्हातारे विणकर असायचे. यंत्रमाग विकल्यापासून ते गप्पगप्पच असतात, असं त्यांची बायको सांगायची. मशीनची टकटक फार, म्हणून नर्स कानात कापसाचे बोळे घालायची. तिची पाठ वळली की ते बोळे काढून खिशात टाकायचे आणि डोळे मिटायचे. मला काचेतून सगळं दिसायचं.

एकदा मी विचारलंच. म्हणाले, "घरी लई शांत हाय, झोप येत न्हाय. हितं माग चालू असल्यागत वाटतंय की."

ते बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, चुंबक लागू पडलं. असेलही, मला काय कळतंय! दुसऱ्या दिवशी मीही बोळे काढून बसलो. माझा कुठला आवाज बंद पडलाय, तेच आठवेना.