व्योमकेतूचा कावळा

"आई, ती पोस्ट काढ."

"नाही काढणार."

"आई, प्लीज."

"प्लीज म्हटल्यावर कावळा शिवतो का?"

"आता कावळ्याचं नावसुद्धा काढू नकोस तू!"

"मी कुठे काढलं? तुमच्या सिरियलनं काढलं. मी नुसतं बघितलं. बघायला पण बंदी आलीय का?"

मीना नेवरेकर डायनिंग टेबलाशी बसून लसूण सोलत होती. समोर तिची लेक श्रुती उभी होती, खांद्यावरची बॅग न उतरवता. संध्याकाळी सहाच्या सुमारास श्रुती कामोठ्याच्या घरी हजर असणं हीच मुळात बातमी होती. एरवी ती अंधेरीहून यायची तेव्हा आईबाबांची जेवणं होऊन भांडी पालथी पडलेली असायची. श्रुती 'अंधारगड' या मालिकेच्या लेखकांच्या टीममध्ये होती. म्हणजे लेखक यशराज सर, त्यांच्या हाताखाली दोघं आणि त्या दोघांच्या हाताखाली श्रुती.

'अंधारगड' म्हणजे गड, शाप, उडणारे साप, आणि राणी तमसा नावाची एक बाई, जी कधीच झोपत नाही आणि तरीही तिच्या डोळ्यांखाली काळं येत नाही. मालिकेचा नायक युवराज व्योमकेतू. तमसेनं त्याला जळत्या तळ्यात ढकललं. प्रेत मिळालं नाही. पण दहावा झाला. घाटावर पिंड मांडला, राजमाता हात जोडून उभी राहिली, कावळा आला, घिरट्या घालून पिंडाकडे बघून निघून गेला. एपिसोड संपला.

मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, 'गडाचे राखणदार'. मीना त्याची ॲडमिन. तिनं त्यावर लिहिलं : 'कावळा शिवला नाही. का शिवला नाही? जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा शिवत नसतो. व्योमकेतू जिवंत आहे. माझा शब्द लिहून ठेवा.'

मग जे झालं त्याला मीना 'चर्चा' म्हणायची आणि तिचे यजमान नंदकुमार 'कावकाव' म्हणायचे.

रबाळ्याच्या एका कारखान्यातला आकाश म्हणाला, "काकू, तो कावळा कॉम्प्युटरवर केलेलाय. पिंडावर बसवायचं बजेट संपलं असेल." बँकेतून निवृत्त झालेले वामनराव म्हणाले, "शास्त्रानुसार कावळा न शिवणे म्हणजे इच्छा अपूर्ण राहणे. जिवंत असणे नव्हे. ॲडमिननी शास्त्राचा विपर्यास थांबवावा." करावेगावच्या बाळाबाईंचा आवाजी मेसेज आला, मागे कोंबड्यांसकट : "अगो मीने, आमचे गावान कावला सुका जवला बगितल्याबिगर खाली उतरत नाय. त्या राजाचे पोराला निस्ता भात ठेवलाय. कंचा कावला येल?"

मीनानं एकेकाला पुरून उत्तर दिलं. तिची पोस्ट ग्रुपबाहेर गेली, कुणीतरी तिच्यावर व्हिडिओ केला, व्हिडिओ चॅनेलच्या ऑफिसात पोचला, आणि आज सकाळी यशराज सरांनी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, "कामोठ्याची ही मीना नेवरेकर कोण? आणि आपल्याकडे नेवरेकर कोण?"

"सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, आई. चहावाल्यानं पण."

"मग सांगायचं ना, माझी आई आहे म्हणून. लाज वाटली?"

"सर म्हणाले, स्टोरी घरातून फुटली."

"काय फुटली? मी अंदाज लिहिला. तू मला कधी काही सांगतेस? भाजी कशी झालीय ते सांगत नाहीस."

"तेच मी त्यांना सांगितलं! ते म्हणाले, उद्याच्या मीटिंगआधी त्या बाईनं ती पोस्ट काढून स्वतः लिहिलं पाहिजे, माझं चुकलं, व्योमकेतू मेला. नाहीतर तू यायची गरज नाही."

"अंदाजाला घाबरतात एवढे? चुकीचाच आहे ना माझा अंदाज, मग हसा आणि सोडून द्या."

"कसा सोडणार? तो बरो—"

श्रुतीनं ओठ मिटले. उशीर झाला होता.

मीनानं हातातली पाकळी हळूच टेबलावर ठेवली. मग हॉलकडे तोंड करून ओरडली, "अहो! तो जिवंत आहे!"

"कोण?" हॉलमधून नंदकुमार.

"व्योमकेतू!"

"बरं झालं. चहा टाकतेस का मग?"

श्रुती डोकं धरून खुर्चीत बसली. एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. आत्तापर्यंत आईनं काहीही फोडलं नव्हतं. आता ती फोडू शकत होती.

"आई, आता तर काढ."

"आता तर मुळीच नाही. आता मला खरं माहितीय. खरं माहीत असताना खोटं लिहू?"

"माझी नोकरी जाईल!"

"आणि माझं काय जाईल ते?"

हा प्रश्न हसण्यासारखा होता, पण श्रुती हसली नाही.

मीनानं रबाळ्याच्या एका रंगाच्या कंपनीत वर्षानुवर्षं टायपिंग केलं होतं. कंपनी बंद होईपर्यंत. साहेब अडखळत सांगायचे, मीना ते सरळ करून टाइप करायची, खाली 'आपला विश्वासू' आणि साहेबांची सही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिनं एकदा सुचवलं, पाण्याची टाकी उन्हाळ्याआधी साफ करा, नंतर टँकरवाले भाव वाढवतात. सगळ्यांना पटलं. इतिवृत्तात आलं, 'श्री. नंदकुमार नेवरेकर यांनी सुचवले'. नंदकुमार त्या मीटिंगला नव्हतेच. घरी रिमोट सासऱ्यांकडे, शिवराम अण्णांकडे, ते होते तोवर. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, रबरबँड लावलेला, उशाखाली. अण्णांना बातम्या लागत. बातम्या संपल्या की त्याच बातम्या दुसऱ्या चॅनेलवर.

'राखणदार' ग्रुपवर मात्र एपिसोड संपला की लोक थांबायचे. कुणीतरी विचारायचंच, "मीनाताई काय म्हणतात?" आणि मीनाताई मुद्दाम कुकरची शेवटची शिटी होऊ द्यायच्या, मग लिहायच्या.

"आणि एक सांगू?" मीना लसणाची टरफलं गोळा करत म्हणाली, "मी कावळ्यावरून ओळखलं असं तू समजतेस. मी राजमातेवरून ओळखलं."

"म्हणजे?"

"राजमाता पिंडापुढे काय म्हणाली? 'तुझा महाल कुणाला देणार नाही.' अण्णांच्या दहाव्याला खाडीवर तुझे बाबा काय म्हणाले? 'गावचं घर विकणार नाही.' कावळा आला?"

श्रुती नखं बघू लागली.

"नाही आला. मग राजमाता म्हणाली, 'तुझ्या बहिणीचा विवाह थाटात करीन.' तुझे काका काय म्हणाले? 'श्रुतीच्या लग्नाला कमी पडू देणार नाही.' कावळा आला? भटजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा करून शिवू या म्हणाले. तेव्हा मी पुढे झाले आणि म्हटलं, 'अण्णा, सात वाजता बातम्याच लागतील या घरात.' शब्द तोंडातून निघायचा अवकाश, पाठीमागच्या झाडावरनं आला. पिंडाला शिवला, वर भजं पण उचललंन. राजमातेनं सगळे शब्द दिले तरी आला नाही, म्हणजे पोरगा गेलेलाच नाही."

खाडीवरचं सगळं खरं होतं. आणि तेव्हापासून नेवरेकरांच्या घरी सात वाजता टीव्हीवर बातम्याच लागत. 'अंधारगड'ची वेळही सातचीच. कावळ्याला दिलेला शब्द मोडायचा नाही, म्हणून टीव्हीवर बातम्या आवाज बंद करून चालू ठेवायच्या आणि मीनानं मोबाइलवर मालिका बघायची, असा मध्यममार्ग निघाला होता. अण्णांना आवाजाचं वचन दिलं नव्हतं.

"तो सीन मी लिहिला, आई," श्रुती हळू आवाजात म्हणाली. "माझा पहिलाच सीन, जो सरांनी जसाच्या तसा घेतला."

"घरातला उचललास."

"घरातलाच तर उचलणार ना! राजघराण्यात कुठे माझी ओळख आहे?"

"मग तुझं नाव का येत नाही? मी रोज शेवटपर्यंत थांबते. नावं सुरू झाली की डोळे बारीक करून बघते."

"माझं नाव यायच्या आधी साबणाची जाहिरात लागते."

हॉलमधून नंदकुमार म्हणाले, "सात वाजत आले." टीव्ही लागला. मुका निवेदक हातवारे करू लागला.

मीनानं हात धुतले, पदराला पुसले, मोबाइल उचलला. पहिली पोस्ट काढून टाकली. एवढं करताना तिचा चेहरा पिंडापुढे उभ्या राहिलेल्या माणसासारखा झाला होता.

"काय लिहू? सांग."

"लिही, माझी थिअरी चुकली. व्योमकेतू मेला आहे."

"एवढंच? कोणी विश्वास ठेवेल? ते वामनराव विचारतील, मग कावळा का शिवला नाही. काहीतरी कारण द्यायला हवं ना. खोटं बोलायचं तर नीट बोलावं."

"काहीपण दे."

मीनानं डोळे मिटले. साहेब अडखळायचे तेव्हा ती असेच डोळे मिटायची आणि वाक्य पुरं करून द्यायची. मग तिनं टाइप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं :

"'मंडळी, माझं चुकलं. व्योमकेतू गेला, हे मान्य करू या. पण कावळ्याकडे मी नीट बघितलंच नव्हतं. तो कावळा पिंडाकडे बघत नव्हता. आईकडे बघत होता. तो कावळा म्हणजेच व्योमकेतू. स्वतःच्याच पिंडाला कोण चोच लावेल?'"

लेखकांच्या खोलीत कुणी एखादी चांगली गोष्ट बोलतं आणि ती आपण बोललेलो नसतो, तेव्हा होतो तसा श्रुतीचा चेहरा झाला.

"बरंय का?" मीनानं विचारलं.

"ठीकय. टाक."

एपिसोड संपेपर्यंत ग्रुप पेटला होता. आकाशनं लिहिलं, "काकू, अंगावर काटा!" वामनराव म्हणाले, "शास्त्रात आधार शोधत आहे. तोपर्यंत सहमत." बाळाबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "म्हंजे पोरगा आयशीला बगाया आलता गो. मना आदीच वाटलावता."

नंदकुमार पाणी प्यायला आत आले. "तुम्ही दोघी ह्या पोरावरून जेवढ्या भांडलात, तेवढे आम्ही भाऊ अण्णांच्या जमिनीवरून नाही भांडलो."

तेवढ्यात श्रुतीचा फोन वाजला. फोन टेबलाशेजारच्या प्लगला चार्जिंगला होता, वायर आखूड. उचलून कानाला लावता येत नसे. तिनं स्पीकर लावला.

"श्रुती! तुझ्या आईची नवीन पोस्ट बघितली." यशराज सर.

"हो सर, लिहिलं तिनं. चुकली म्हणून."

"चुकली कसली? तो स्वतःच कावळा! अरे काय आहे हे! चॅनेलचे फोनवर फोन. तेच करतोय आपण."

"पण सर, तो गणपतीत परत येणार होता ना? जिवंत?"

"गणपतीत कावळा येईल. हिरो तारखांवरून अडवतोय, माहितीय ना तुला? कावळ्याला काय, ना तारखा, ना व्हॅनिटी व्हॅन. आता नीट ऐक. प्रेक्षकाची आयडिया उचलली, असं व्हायला नको. वकील मागे लागतात. आयडिया तुझी होती. तू घरी बोललीस, आईनं घाईघाईत टाकली. फुटली, असं धरू."

"सर, सकाळी तर फुटली म्हणून तुम्ही मला काढत होता."

"सकाळचं वेगळं. तेव्हा खरंच फुटल्यासारखी वाटत होती. ही फुटलेली नाहीच, त्यामुळे फुटली म्हणायला काही धोका नाही. तर, तुझीच ना आयडिया?"

मीना श्रुतीकडे बघत होती. नंदकुमार पाण्याचा ग्लास तसाच धरून उभे होते.

"श्रुती? आहेस ना? नाव टाकतोय तुझं. जाहिरातीच्या आधी."

"हो सर," श्रुती म्हणाली. "घरी... बोलणं झालं होतं आमचं."

"गुड गर्ल. आत्ता ये, रात्रीत सीन उभा करू. आणि हो, ती पोस्ट काढायला सांग त्यांना."

फोन बंद झाला. हॉलमध्ये निवेदक आवाजाशिवाय कुणावर तरी चिडत होता.

"म्हणजे शेवटी मेला का जिवंत?" नंदकुमारांनी विचारलं. दोघींपैकी कुणीच त्यांच्याकडे बघितलं नाही.

श्रुतीनं प्लगमधून फोन काढला, वायर गुंडाळली, बॅगेत टाकली. नको तेवढ्या काळजीनं गुंडाळली.

"आई, ती पोस्ट..."

"मघाशी बरोबर होती म्हणून काढायला लावलीस," मीना म्हणाली. "ही चुकीची होती. ती का काढायची?"

"आता ही बरोबर झालीय."

"असं." मीनानं सोललेला लसूण वाटीत भरला. मोबाइल उचलला. अंगठा पोस्टवर ठेवला आणि तसाच ठेवला. "काढते. तुझ्यासाठी एक काढली, दुसरीही काढते. एवढंच सांग. उद्या ग्रुपवर कोणी विचारलं, मीनाताई, हा कावळा कुणाला सुचला, तर काय सांगू?"

श्रुती दारात वाकून सँडलचा पट्टा लावत होती. पट्टा लागला होता. तरी ती थोडा वेळ वाकलेलीच राहिली.

"श्रुती, तुला विचारतेय मी."

श्रुतीनं लॅच ओढला, आणि लिफ्ट त्याच मजल्यावर उभी असताना जिन्यानं उतरून गेली.