तिवरांत झालेला सौदा

माझा साडू सज्जन आहे, असं सगळे म्हणतात. सगळे त्याच्याबरोबर मासे धरायला गेलेले नाहीत.

मी कतारला आलो तो दुसऱ्याच्या दुकानात टायर उचलायला. आज दोह्यात टायरचं दुकान माझं स्वतःचं आहे. कारण एकच, भावात कधी हरलो नाही. पण गेल्या हिवाळ्यात सासूबाई रत्नागिरीहून आमच्याकडे आल्या आणि भर पंगतीत साडू म्हणाला, "आई, भाऊंना मासा फक्त विकत घेता येतो. धरायचं काम आमचं!" (तो सासूबाईंच्याच गावचा. म्हणून लाडका.)

माझं डोकं फिरलं. "शुक्रवारी या घरात मी धरलेला मासा शिजेल. नाहीतर वरण-भात!"

सासूबाई वरण-भाताला पथ्य समजतात. त्यांचा चेहराच उतरला.

तडक रबरी मासे घ्यायला गेलो. (हल्ली गळाला खरं आमिष कोण लावतो? बोटाएवढा लिबलिबीत रबरी मासा लावतात.) दुकानदार म्हणाला, "साब, झाडी में डालना है तो ये हुक लो. नोक रबर के अंदर छुपती है, अटकती नहीं."

मला शिकवतो! टायरबरोबर नवा व्हॉल्व्ह खपवताना मी याच सुरात बोलतो! साधे उघडे गळच घेतले आणि रबरी मासे निम्म्या भावात पदरात पाडले.

शुक्रवारी सकाळी साडूसोबत अल खोरच्या पुढे समुद्रकाठच्या तिवरांच्या झाडीत पोचलो. पहिल्यांदा गळ टाकला, मुळीत अडकला. दुसऱ्यांदा फांदीत. तिसऱ्यांदा माझ्याच टोपीत!

"भाऊ, झाड लागलं! सोडू नका, ताजं आहे!" साडू ओरडला.

"तोंड बंद ठेव!"

मी दोरी ओढत होतो, तिवर ओढत होतं. भलेभले व्यापारी वाकवले मी, पण ते झाड काही केल्या खाली येईना! सोडवायला चिखलात उतरलो, तर चिखलाने चप्पल ठेवून घेतली. शेवटचा रबरी मासा उंच फांदीवर सुकटासारखा वाळत बसला. साडूची बादली मात्र शेरी माशांनी भरलेली. त्याचे गळ? अर्थातच छुपे!

मला डोळ्यांपुढे वरण दिसायला लागलं. आवाज खाली आणून म्हणालो, "हे बघ, यातले निम्मे मी धरले असं सांगू."

"एक," साडू म्हणाला.

"एक? भीक घालतोस? आता तर सगळे माझे!"

"बरं भाऊ, सगळे तुमचे."

मला तिथेच शंका यायला हवी होती. इतक्या पटकन कुणी उतरतं का? पण जिंकलो होतो ना! यल्ला, घरी!

"आई, सगळे मी धरले!" मी बादली आपटली.

"एकूण एक!" साडूने साक्ष दिली. "मी नुसता उन्हात बसून होतो."

सासूबाई गहिवरल्या. म्हणाल्या, "शाब्बास हो जावईबापू!" आणि सुरी माझ्या हातात दिली. "आमच्या घरची रीत आहे. ज्याने धरले त्यानेच साफ करायचे. दुसऱ्याने हात लावला तर दर्या रुसतो."

साडू सोफ्यावर आडवा झाला होता. मी कुजबुजलो, "अरे, निम्मे तुझे म्हण ना!"

"खलास, भाऊ. सौदा झाला. आणि कल्ले नीट काढा, आईंना कडू लागतं."

मिशीत खवले घेऊन शेवटचा, अकरावा मासा खरवडताना मला आठवलं, त्याने पहिला भाव 'एक' सांगितला होता. घासाघीस करून तो अकरावर नेला, तो मी!