मागचा क्रॉस

बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात आमची जुनी जीप आवाज करायला लागली. चाळीसच्या वर वेग गेला की मागून एक बारीक, लांबट सूर यायचा. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की तो सूर जाडा व्हायचा. बाबा काळा चष्मा लावून माझ्या शेजारी बसले, दोन चौक ऐकत राहिले आणि म्हणाले, "डिफरन्शियल गेलं."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्यातून इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटली जाते, तो गेला होता. आणि गुरुवारी आम्हाला ताईला आणायला केमला जायचं होतं.

ताईला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी यायचं होतं. तिचं सासर केमपासून थोडं आत, वस्तीवर आहे. स्टेशन जवळ असलं तरी डॉक्टरांनी रेल्वेची गर्दी आणि चढउतार नको असं सांगितलं होतं. "आपलीच जीप आणा," ताई फोनवर म्हणाली, "मागं आडवं तरी होता येतं." बाबांना गाडी चालवायला महिनाभर बंदी होती. म्हणजे मीच चालवणार होते. परतीच्या वाटेवर एखाद्या ओसाड टप्प्यात गाडी बंद पडली आणि मागच्या सीटवर ताई असली तर काय करायचं, हा विचार मी त्या आठवड्यात किती वेळा केला ते सांगता येणार नाही.

सोमवारी संध्याकाळी बाबांनी मला कागद घ्यायला सांगितला. डोळ्यामुळे त्यांना सध्या वाचता-लिहिता येत नव्हतं, ते सांगत होते आणि मी लिहीत होते. गोळा बदलायचाच, पण तो खाली उतरवलाच आहे तर आजूबाजूचं झिजलेलंही काढायचं. पिनियनचं सील, दोन्ही एक्सलची बेअरिंगं आणि त्यांची सीलं, मागचा क्रॉस, पॅकिंग, ऑईल. मी शाळेत इंग्रजीतून शिकले, तरी यातले निम्मे इंग्रजी शब्द मला पहिल्यांदाच भेटत होते. "नवा गोळा घट्ट असतो," बाबा म्हणाले. "शेजारी सैल काही ठेवलं तर ते आधी तुटतं. गॅरेजवाल्याला मी फोन करणार नाही. तू आहेस ना तिथे."

मंगळवारी रजा टाकून मी गाडी घेऊन गेले. गॅरेज यंत्रमागाच्या एका शेडला लागून आहे, त्यामुळे तिथे सकाळपासून मागांची खडखड चालू असते आणि सगळे जरा ओरडूनच बोलतात. गॅरेजवाले काका बाबांच्या ओळखीचे, वीस वर्षांपासूनचे. त्यांच्या हाताखाली त्यांचा मेहुणा काम करतो. तो काकांपेक्षा फार लहान नाही आणि दिवसभर त्यांची चेष्टा करतो.

काकांची एक पद्धत आहे. गाडीतून निघालेला प्रत्येक जुना भाग ते एका गोणपाटावर मांडून ठेवतात. काम झालं की गाडीवाल्याने ते बघायचे आणि ऑईलच्या रिकाम्या डब्यात घालून घरी न्यायचे. न्यायला नको वाटलं तरी न्यायचे. आमच्या गॅलरीत असे दोन डबे आहेत, आई त्यांच्यावरून नेहमी कुरकुरते.

मला त्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची दिली. तिचा एक पाय आखूड होता. मी जरा हलले की खुर्ची हलायची, म्हणून मी उठायचे, कडुलिंबापर्यंत जाऊन यायचे, परत बसायचे. साडेनऊला मी विचारलं, "काका, किती वेळ लागेल?" दहाला परत विचारलं. पावणेअकराला पुन्हा. खरं तर मला काही घाई नव्हती, सगळा दिवस रिकामा होता. काहीतरी बोलायला हवं असं वाटायचं आणि तो एकच प्रश्न तोंडात यायचा.

त्या प्रश्नानेच घोळ केला.

अकराच्या सुमारास काका मांडीवर प्रोपेलर शाफ्ट घेऊन बसले होते. इंजिनाकडून मागच्या गोळ्याकडे जाणारी ती लांब नळी. तिच्या टोकाला अधिकच्या चिन्हासारखा एक लोखंडी तुकडा असतो, त्याला क्रॉस म्हणतात. त्याच्या चारही टोकांवर टोप्या बसवलेल्या असतात. काकांनी तो हाताने फिरवून बघितला. तो फिरला, पण एका जागी किंचित अडला आणि टोपीच्या कडेतून लाल पूड त्यांच्या बोटांवर सांडली. ती त्यांनी पँटला पुसली.

"मॅडम, ह्यो फिरतोय अजून. टोप्या गंजून धरून बसल्यात, काढायला तास-दीड तास जाईल. तुमास्नी घाई हाय. राहू दे का?"

मेहुणाही हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली.

यादीत मागचा क्रॉस आहे हे मला माहीत होतं. लाल पूड मी बघितली होती. तरी मान हलली. शाळेत मिसने "अंडरस्टूड?" विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "येस मिस" म्हणायचा, कळलेलं असो नसो. माझी मान अजून त्याच वर्गात बसलेली आहे.

मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. दिवसभर सुटे भाग मोजपट्टीला लावून बघायचे आणि बिघडलेल्याला लाल चिठ्ठी बांधायची, एवढंच माझं काम. मी चिठ्ठी बांधली की तो तुकडा बाजूला जातो. मला कुणाशी बोलावं लागत नाही. त्या मंगळवारी खुर्चीत बसून मला ती चिठ्ठी फार आठवली.

बाबांना मेसेज टाईप केला, "Cross not changed." मग पुसला. तो आईने मोठ्याने वाचला असता आणि बाबांनी लगेच काकांना फोन लावला असता. मग मी तिथे बसून काय करत होते? पुन्हा टाईप केला, पुन्हा पुसला. दोनदा उठून काकांजवळ गेले. एकदा मागांच्या आवाजात माझं "काका" त्यांना ऐकूच गेलं नाही. एकदा ऐकू गेलं, त्यांनी वर बघितलं आणि मी विचारलं, "पाणी कुठे आहे?"

दुपारी दोघं कडुलिंबाखाली जेवायला बसले. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

"खाताव का, मॅडम?" मेहुण्याने विचारलं. मी नको म्हणाले.

"दाजी, ही चटणी गोळ्यात घातली तर ऑईल लागायचं न्हाय," तो म्हणाला. "नुसत्या तिखटानं पळंल गाडी."

"तुझ्याच बहिणीनं कुटलीय. संध्याकाळी घरी येऊन सांग की तिला."

"मी कशाला? माझी पोरं लहान हायत अजून."

मला हसू आलं, पण तेही मी दुसरीकडे बघून हसले. माझं लक्ष गॅरेजमधल्या फळीवर होतं. यादीप्रमाणे आणलेली नव्या भागांची सगळी खोकी फोडून झाली होती. क्रॉसचं एकटं तसंच होतं, वरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

जेवणानंतर काम झरझर पुढे गेलं. नवा गोळा वर चढला, एक्सल आत सरकले, सीलं बसली. काका जीपखाली आडवे झाले. आता शाफ्ट लागणार होता. त्याचे चार बोल्ट आवळले की झालं. मेहुण्याने शाफ्ट आत सरकवला. मी उभी होते. एक बोल्ट आवळल्याचा आवाज आला. मग दुसरा.

ताई मागच्या सीटवर कुशीवर झोपलेली मला अगदी स्पष्ट दिसली. डोक्याखाली आईने दिलेली उशी.

मी फळीवरचं खोकं उचललं, जीपजवळ उकिडवी बसले आणि ते काकांच्या हाताजवळ फरशीवर ठेवलं. त्यांचा हात पान्यासाठी चाचपडत आला आणि खोक्यावर पडला.

"ह्यो कशाला?" खालून आवाज आला.

"बदला," मी म्हणाले. "मागचा क्रॉस बदलायचाय."

"सकाळी तुमीच म्हणला की, राहू दे."

"हो. चुकलं माझं. मला घाई नाहीये, काका. सकाळपासूनच नव्हती. परवा बहिणीला आणायचंय केमहून. आठवा महिना आहे तिचा."

मग काका सरपटत बाहेर आले. कपाळाला ग्रीस लागलेलं होतं. रागावलेत की काय ते मला कळेना.

"आन् हे आत्ता सांगताव?"

"दाजी, सरका," मेहुणा म्हणाला. "अजून दोनच आवळल्यात. चार आवळल्यावर सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

शाफ्ट पुन्हा खाली आला. टोप्या खरोखरच धरून बसल्या होत्या. दोघांनी मिळून ठोकून ठोकून त्या काढल्या, सव्वा तास गेला. चौथी टोपी निघाली तेव्हा काकांनी ती माझ्यासमोर धरली. टोपीच्या आत सुयांसारखे बारीक रोलर गोल रचलेले असतात. या टोपीत ते निम्मेच उरले होते. बाकीच्यांची लाल पूड झाली होती.

"रस्त्यातच तुटला असता का?" मी विचारलं.

"सांगता येत न्हाय. सहा महिनं गेला असता, न्हायतर परवाच." त्यांनी टोपी गोणपाटावर ठेवली. "माझीबी चूक हाय. तुमचे बाबा असते तर मी इचारलंबी नसतं, बदलूनच टाकला असता. पर तुमी तोंडानं सांगत जावा की. मान हलली की आमी व्हय धरतो."

मी मान हलवली. मेहुणा फिसकन हसला. मग मी "हो" म्हणाले.

संध्याकाळी कुंभारीच्या रस्त्यावर गाडी पळवून बघितली. मेहुणा शेजारी बसला होता. सत्तरपर्यंत गेले, तो सूर नव्हता. आता मात्र डाव्या दाराची खुळखुळ ऐकू यायला लागली. ती आधीपासूनच असणार.

घरी बाबांनी डबा मांडीवर घेतला आणि एकेक भाग बोटांनी चाचपत ओळखला. क्रॉसच्या त्या टोपीत त्यांनी बोट घालून फिरवलं, बोटाला आलेली पूड अंगठ्याने चोळली. "बरं झालं काढला," म्हणाले. सकाळच्या मान हलवण्याचं मी त्यांना आजही सांगितलेलं नाही.

गुरुवारी ताईला घेऊन परत येताना तिने मागून विचारलं, "रेडिओ का बंद केलास?"

"असाच."

"मघापासून मान वाकडी करून काय ऐकतेस?"

"दार खुळखुळतंय," मी म्हणाले. ते खरंच खुळखुळत होतं. पण मी त्याच्या पलीकडचं ऐकत होते. टेंभुर्णी गेलं, मोहोळ गेलं, मागून काही आलं नाही. तरी मी रेडिओ लावला नाही. घराच्या गल्लीत वळेपर्यंत ताईला झोप लागली होती आणि माझी स्टिअरिंगवरची बोटं सुटता सुटत नव्हती.